दस्तगीर उस्तादांची पाचबारी

यंदा जो तो आपल्या सत्याग्रहाच्या आठवणी लिहितो आहे. लिहाव्यातच. ज्यांनी काठ्या खाल्ल्या त्यांचा तो हक्क आहे. मी मात्र त्या काळात तुरुंगात नव्हतो. निजामी अंमलात, कागदोपत्री उस्मानाबाद आणि लोकांच्या तोंडी धाराशिव असलेल्या गावात, मी एका जहागीरदारासाठी बंदूक तयार करत होतो. हे वाक्य लिहिताना कान गरम होतात. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा आनंद थोडा जास्तच होतो. तशी बंदूक आमच्या मुलखात त्याआधी कुणी केली नव्हती. ती आम्ही केली, आणि मी ती माझ्या खांद्यावरून झाडली.

मी मूळचा कळंबचा. वडिलांची धान्याची आडत. घरात शिवपूजेचा नेम कडक आणि चुलत्यांच्या खोलीत पत्रकांचा ढीग. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, तिथं छापलेला कागद आमच्या हद्दीत गुन्हा ठरायचा. म्हणून ती पत्रकं पेंडीच्या पोत्यात लपून यायची. त्यांना कायम शेंगदाण्याचा वास असे. शाळेत उर्दू शिकलो, पण वाचायला शिकलो ते या वासाच्या कागदांवर. 'वेठ', 'जुलूम', 'रयत' हे शब्द मला तोंडपाठ होते. पंधराव्या वर्षी चावडीसमोर उभं राहून एक पत्रक मोठ्यानं वाचलं, तेव्हा वडिलांनी मला उचलून बार्शीच्या एका जिनिंग कारखान्यात टाकलं. "तोंड बंद ठेव आणि हात चालव," एवढंच म्हणाले. तिथं चार वर्षांत मला लेथ आला, कानस आली, आणि पत्रकं पोत्यातून न काढता ताजी मिळू लागली. एकोणिसाव्या वर्षी दस्तगीर उस्तादांच्या दुकानात लागलो.

उस्ताद तेव्हा साठीचे. अंगानं काडी. चाळीस वर्षं बार काढून उजवा कान गेलेला. ज्या गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकायचं नसेल त्याला ते हळूच फिरून उजवा कान देत. दुकानात सरकारी परवाना चौकटीत टांगलेला, त्याखाली कामाचं लाकडी बाकडं, आणि बाकड्यावर मी.

बाहेरच्यांना वाटतो तसा आमचा धंदा मर्दानगीचा नाही. निम्मं काम गंज घासायचं आणि निम्मं लोकांच्या थापा ऐकायचं. पाटलांच्या ठासणीच्या बंदुका, मळ्याच्या राखणीची हत्यारं, कुण्या जमादाराची नळी, जिच्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. प्रत्येक माणूस सांगणार की याच बंदुकीनं आजोबांनी वाघ मारला. उस्ताद ऐकून घेत आणि दोनच प्रश्न विचारत: "कोणत्या जनावरासाठी पाहिजे? आणि साफ कोण करणार?" या दोन उत्तरांशिवाय ते हत्याराला हात लावत नसत. म्हणत, बंदूक अंगरख्यासारखी असते, माप घेतल्याशिवाय शिवायची नाही.

एकदा तेरकडचे एक शेटजी आले. मळ्यात रानडुकरं येतात म्हणाले.

"बार द्यायचाय का मारायचंय?" उस्तादांनी विचारलं.

"मारायचं न्हाय बाबा, पाप लागतं. पण आवाज असा पाहिजे की डुकरानं तालुका सोडावा."

"मग बंदुकीला कशाला पैसे घालता? तुमचा मुनीम न्या मळ्यात. बाजारच्या दिवशी त्याचा आवाज इथवर येतो."

शेटजी रागावले नाहीत. मुनीम मात्र पुढं वर्षभर आमच्या दुकानापुढून मान फिरवून जात होता.

अशा दुकानात एके दिवशी पिंपळदरीचे रावसाहेब देशमुख मोटारीतून उतरले. दहा-बारा गावांचे जहागीरदार. वय पस्तिशीचं, हैदराबादेत शिकलेले, बोलायला गोड. बरोबर त्यांचा शिकारी लिंबाजी, खांद्यावर जाजमात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. रावसाहेबांनी आधी खिशातून एका विलायती कंपनीच्या यादीचं पान काढलं. त्यावर बंदुकीचं चित्र होतं.

"उस्ताद, ही आपोआप भरते. एकदा काडतुसं घातली की पाच बार, हात न लावता. मला अशीच पाहिजे. फक्त ही हरणापुरती आहे. मला मोठ्या बोअरची, जाड गोळीची पाहिजे."

लिंबाजीनं जाजम उलगडलं. कुण्या साहेबानं विकून टाकलेली जाड नळीची रायफल, दस्ता मोडलेला, खटका गंजून बसलेला. नळी मात्र आतून आरशासारखी.

"कोणत्या जनावरासाठी?" उस्तादांनी विचारलं.

"डुक्कर. आमच्याकडं दरीतली डुकरं माजलीत. एकावर बार टाकला की दुसरं अंगावर येतं. मधे खटका ओढायला सवड मिळत नाही."

"साफ कोण करणार?"

"हा लिंबाजी."

उस्तादांनी नळी उजेडाकडं धरून एक डोळा मिटला. मग म्हणाले, "होत नाही, साहेब."

आणि मी, ज्याला जहागीरदार हा शब्द शिवीसारखा वाटायचा, मध्येच बोललो, "होईल, उस्ताद."

पुढं त्यावरून उस्तादांनी मला बरंच सुनावलं. "तुझी ती कागदं म्हणतात, जहागीरदारांना खाली खेचा. आणि तू त्याला खांद्यावर घेतोस?" मला ती बंदूक करून बघायची होती. भूक लागल्यासारखी ती गोष्ट मला लागली होती.

ज्यांनी बंदूक फक्त मिरवणुकीत पाहिली त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साध्या रायफलीत प्रत्येक बारानंतर खटका, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, हातानं मागं ओढायचा, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढं ढकलायचा, म्हणजे नवं काडतूस नळीत बसतं. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत हे काम बारूदच करते. गोळीला पुढं लोटणाऱ्या धुराचा थोडा जोर उलटा वळवून खटका मागं फेकायचा, आणि एका स्प्रिंगनं तो पुन्हा पुढं आणायचा. मोटेवर जसं बैल उतारानं गेले की मोट भरून वर येते आणि बैल मागं आले की रिकामी खाली जाते, तसं. चाप मात्र दर बाराला ओढावाच लागतो. म्हणून ती अर्धीच आपोआप. सांगायला सोपं, पण मोठ्या काडतुसाचा धक्का मोठा, आणि एवढा धक्का झेलून पुन्हा जागेवर येणारं लोखंड धाराशिवच्या बाजारात मिळत नाही.

आठ महिने गेले. मोडक्या लॉरीचा आस कापला, बार्शीच्या ओळखीनं लेथवर रात्रपाळ्या मागून घेतल्या. पहिली स्प्रिंग मऊ निघाली. दुसरी तुटली आणि तिचा तुकडा छपराच्या पत्र्यातून आरपार गेला, शेजारच्या तांबोळ्यानं तो पानाच्या टोपलीत घालून आणून दिला, "उस्ताद, हे तुमचं, का आभाळातून पडलं?" प्रत्येक जोड उस्ताद काजळी लावून तपासत. एका भागावर काजळ फासायचं, दुसऱ्यात बसवायचा, जिथं काळं उमटेल तिथं कानशीचा एक हात. पुन्हा काजळ, पुन्हा एक हात. कधी दिवसभरात केसाएवढं लोखंड जाई. संध्याकाळी आम्हा दोघांची तोंडं काळी, आणि मला आयुष्यात तेवढं सुख पुन्हा लाभलेलं नाही.

एक चूक मी तेव्हाच केली, ती इथं सांगितली पाहिजे. यंत्राचं पातळ तेल संपलं होतं, म्हणून मी खटक्याला घाण्यावरचं करडईचं तेल लावून ठेवलं. आमच्याकडं करडईशिवाय तेल म्हणजे काय? भाजी त्यात, दिवा त्यात, डोक्याला तेच, कुलपाला तेच. आठ दिवसांनी उस्तादांनी खटका ओढला तर तो हलेना. उघडून पाहिलं, आत पिवळा चिकट थर. जुन्या समईच्या बुडाशी राळेसारखं काही जमतं ना, तेच. करडईचं तेल उघड्यावर सुकतं. ठासणीच्या बंदुकीला त्यानं काही होत नाही, तिच्यात हलणारं असतंच काय? पण आमच्या बंदुकीत चार भाग एकमेकांवरून सरकत होते. उस्तादांनी माझ्या टाळक्यात चापट मारली. "हे पोरीच्या वेणीला लाव. इथं नक्को."

माझं आयुष्यातलं सर्वांत मोठं गुपित त्या चापटीतून मला मिळालं.

श्रावणात बंदूक उभी राहिली. गावाबाहेरच्या मुरमाच्या खदाणीत आम्ही ती बैलगाडीच्या चाकाला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि खडकामागं बसलो. नवी बंदूक कधी फुटेल याचा नेम नसतो, म्हणून पहिले बार असे बांधूनच काढतात. दोरी ओढली. खदाण दणाणली, गाडी हातभर मागं सरकली. जाऊन पाहिलं तर नळी शाबूत, पुंगळी बाहेर पडलेली, आणि दुसरं काडतूस आत जाऊन बसलेलं. कुणी हात न लावता. उस्ताद ते काडतूस नुसते बघत राहिले. मग मलाच म्हणाले, "कुणी घातलं रे हे?"

बांधून सगळे बार निघाल्यावर रिवाजाप्रमाणे ज्यानं केली त्याच्या खांद्यावरून झाडायची. उस्तादांनी ती माझ्या हातात दिली. "होईल म्हणाला होतास तू. घे."

दस्ता खांद्यात घट्ट बसवला. समोर खदाणीच्या भिंतीवर चुन्यानं काढलेले पाच ठिपके. पहिला बार. वाटलं, कुण्या बैलानं ढुशी दिली. पण मी नेमावरून डोळा हलवण्याआधी खटका मागं जाऊन पुढं आला होता, तो खणखणीत आवाज गालाला जाणवला. दुसरा. तिसरा. मुरूम फवाऱ्यासारखा उडत होता, पुंगळ्या उजव्या हाताला दगडावर वाजत पडत होत्या, आणि मी हसत होतो, का ते ठाऊक नाही. पाचव्यानंतर खटका मागंच थांबला, आता रिकामी आहे असं सांगत. खांदा आठवडाभर निळा होता. उस्तादांची टोपी खाली पडली होती ती त्यांनी उचललीच नाही.

रावसाहेब येऊन बंदूक घेऊन गेले. उस्तादांनी नळीच्या मुळाशी आपला ठसा मारला होता. चाळीस वर्षांत त्यांनी केलेल्या एकाही हत्यारात खोट निघाली नव्हती आणि ही त्या सगळ्यांचा मुकुटमणी होती.

खंडेनवमीला पिंपळदरीहून बोलावणं आलं, ज्यांनी बंदूक केली त्यांनी पूजेला यावं. उस्ताद तापानं पडले होते. जाताना त्यांनी बजावलं, "तेलाची बाटली घेऊन जा. कोणतं तेल लावायचं ते त्या शिकाऱ्याला सांग. बंदूक देताना मी विसरलो."

गढीवर पाटावर हत्यारं मांडली होती. तलवारी, भाले, आणि मधोमध आमची बंदूक, झेंडूची माळ घातलेली. लिंबाजीनं तिला हळदीकुंकू वाहिलं. मग तेल्याकडून आणलेल्या ताज्या करडईच्या तेलाची वाटी घेतली आणि श्रद्धेनं, हात न राखता, खटक्यावर, फटीफटीत ओतू लागला. माझ्या खिशात बाटली होती. मी पुढं झालो.

तेवढ्यात रावसाहेब शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "आमच्या बोरखेड्याच्या लोकांनी यंदा वेठीला नकार दिलाय. म्हणतात आधी आमची ज्वारी काढू, मग तुमची. आता कारकून कशाला पाठवू? माघात हिलाच घेऊन जातो. पाच जण एका दमात गप होतील."

पाहुणे हसले. लिंबाजीनं माझ्याकडं बघून विचारलं, "काय मिस्त्री, बराबर चाललंय नव्हं?"

"बराबर," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमेवर रावसाहेबांनी पाचही बार काढले. तेल ताजं होतं, बंदूक गाण्यासारखी चालली. सगळं गाव बघत राहिलं. मग पुढच्या वेळेची पाच काडतुसं भरून ती धुराच्या काजळीसकट आणि तेलासकट भिंतीवर टांगली गेली. लढाईमुळं तसली काडतुसं मिळत नव्हती. होती ती माघासाठी राखून ठेवायची होती. मी हिशोब केला: चार महिने.

धाराशिवला परतलो तो छाती फुगवून. उस्तादांचा ताप उतरला तेव्हा सगळं सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल.

"त्यानं विचारलं आणि तू बराबर म्हणालास?" उस्ताद उठून बसले. "बंदूक धरणाऱ्याला खोटं सांगायचं नाही. एवढी एकच गोष्ट मी तुला शिकवली."

"तो रयतेवर चालवणार आहे, उस्ताद."

"आणि तो लिंबाजी? त्याच्या हातात अडकली, समोर डुक्कर असलं, तर? तुझ्या कागदात लिंबाजीचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून तो मेला तर चालेल?"

मला हे सुचलंच नव्हतं. आजही त्या प्रश्नापुढं माझी मान वर होत नाही. उस्तादांनी शेरवानी घातली, बाटली खिशात टाकली, आणि अशक्त अंगानं छकड्यात बसून पिंपळदरीला गेले. मी थांबवू शकलो नाही.

संध्याकाळी परत आले. बाटली बाकड्यावर ठेवली. तशीच भरलेली.

"काय झालं?"

"मी त्याला पुन्हा विचारलं, कोणत्या जनावरासाठी? म्हणाला, आता उस्ताद, लपवायचं काय, दोन पायांच्या." त्यांनी टोपी काढली. "मी डुकराचं माप घेतलं होतं. हे माप मी घेतलेलं नाही. लिंबाजीला एकट्याला गाठून सांगितलं, डुकरामागं जायचं तर तुझी जुनी बंदूक ने, हिला नेऊ नको. तो बरं म्हणाला."

"मग झालं की."

"काय झालं? अडकली तरी पहिली गोळी सुटेल, मल्लू. नळीत असते ती. फुटणार नाही बंदूक, तेवढी मी केली आहे. पण एक गोळी सुटणारच. ती कुठं जाते त्याचा हिशोब आपल्या दोघांच्या डोक्यावर."

माघ लागला. ज्वारी पिवळी पडली, तिच्या कडेच्या करडईला बोंडं धरली. रावसाहेब कोणत्या दिवशी निघणार ते लिंबाजीनंच बाजारात बोलून दाखवलं, आणि मी आदल्या दिवशी बोरखेड्याला गेलो. तिथं वेठीविरुद्ध उभे राहिलेल्यांत म्होरके होते नरसूबा, साठीचे कुणबी, आणि त्यांची बहीण गोदाक्का. मी त्यांना म्हणालो, "उद्या बंदूक येणार. पहिली गोळी सुटेल. त्यानंतर कदाचित सुटणार नाही. पण नक्की सांगता येत नाही."

"तुला कसं ठावं?"

"मी केलीय ती."

गोदाक्कानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "केलीस तवा लाज न्हाय वाटली?"

"नाही, आक्का. तेव्हा नाही वाटली."

"खरं बोलतंय पोरगं," नरसूबा म्हणाले. "राहा मग. उद्या आमच्या ओळीत उभं राहा."

सकाळी सगळे ज्वारी उपटत होते. रावसाहेब घोड्यावरून आले, मागं लिंबाजी आणि चार माणसं. बांधावर पाण्याचा मोठा डेरा ठेवलेला होता. रावसाहेब काही न बोलता खाली उतरले, बंदूक खांद्याला लावली. त्या क्षणी मी नरसूबांच्या शेजारी उभा होतो आणि ती नळी, जिच्या आतला प्रत्येक आटा मी काडीनं पुसला होता, आमच्या रांगेवरून फिरत होती. तरी, देवाशपथ सांगतो, डोक्यात एकच विचार होता: किती सुंदर दिसते ही.

ती डेऱ्यावर थांबली. बार झाला. डेरा नाहीसाच झाला. पाणी, खापऱ्या, सगळं हवेत. बायका खाली बसल्या. रावसाहेबांनी नळी नरसूबांच्या पायापुढच्या मातीकडं वळवली आणि चाप ओढला.

काहीच नाही.

मला ओळीतूनही दिसत होतं. खटका अर्ध्यात थांबला होता, रिकामी पुंगळी दातात धरलेल्या हाडासारखी अडकली होती. रावसाहेबांनी खटका ओढला. हलेना. लिंबाजीनं दोन्ही हातांनी ओढला. हलेना. रावसाहेबांनी दस्ता जमिनीवर आपटला, बुटानं खटक्यावर दाब दिला. वारा पडला होता. सगळं शेत त्यांच्याकडं बघत होतं.

गोदाक्का उठल्या, लुगड्याची माती झाडली.

"रावसायेब, घरात अजून एक डेरा हाय. आणू का?"

कुणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं. मग बांधावर बसलेल्या बायका, मग उभे गडी, मग लांबच्या शेतातले, ज्यांना काय झालं ते ठाऊकसुद्धा नव्हतं. माणूस बंदुकीपुढं रडला तर जहागीरदाराला सवय असते. हसण्यावर त्यांच्याकडं काही उपाय नव्हता. ते घोड्यावर बसले आणि गेले. नरसूबांनी ज्वारीचं ताट उपटलं. त्या वर्षी बोरखेड्यानं आपली ज्वारी आधी काढली.

दुसऱ्या दिवशी बाजार भरलेला असताना मोटार आमच्या दुकानापुढं थांबली. रावसाहेबांनी बंदूक बाकड्यावर फेकली. आता उस्तादांना ते 'तुम्ही' म्हणत नव्हते.

"दस्तगीर, हा ठसा तुझाच ना? लोकांना दाखव तुझी कारागिरी. एक बार निघाला आणि अडकली. सगळ्या गावापुढं माझी शोभा झाली. बोल, खोट बंदुकीत आहे का नाही?"

पेठेतली माणसं जमली होती. तांबोळी, मुनीम, दोन पाटील जे उस्तादांशिवाय दुसऱ्याकडं बंदूक देत नसत. रॉकेलची डबी माझ्या हाताशी होती. एक चिंधी, थोडं रॉकेल, अर्धा तास. सगळ्यांच्या देखत बंदूक खणखणीत चालून दाखवता आली असती. लिंबाजीनं कोणतं तेल ओतलं ते सांगितलं असतं तर उस्तादांचं नाव उजळून निघालं असतं. मी डबीकडं हात नेला. उस्तादांनी माझ्याकडं न बघता ती डबी उचलून बाकड्याखाली ठेवली.

त्यांनी बंदूक हातात घेतली. खटक्यावरून अंगठा फिरवला, बोट नाकाशी नेलं, वास घेतला. त्यांना सगळं कळत होतं. लिंबाजी मोटारीजवळ मान खाली घालून उभा होता.

"होय, साहेब," उस्ताद मोठ्यानं म्हणाले, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं. "माझी चूक. खोटी निघाली. दुरुस्त होण्यासारखी नाही."

कुणीतरी हळूच "अरेरे" म्हणालं. रावसाहेब थुंकले आणि बंदूक, काडतुसं तिथंच टाकून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत एका पाटलानं आपली दुरुस्तीला आलेली बंदूक परत नेली. मुनीम दुकानापुढून गेला तो बऱ्याच महिन्यांनी आमच्याकडं तोंड करून. पुढं गावात म्हणच पडली. लग्नात नवरा मुलगा अडखळला, मोटारीचं इंजिन बंद पडलं, की लोक म्हणत, "दस्तगीरची बंदूक झाली."

त्या रात्री मी उस्तादांना म्हणालो, मी उद्या चौकात उभा राहून खरं सांगतो.

"सांग. मग परवा तो बंदूक साफ करून घेईल, आणि तेरवा बोरखेड्याला जाईल. लिंबाजीच्या पाठीचं काय होईल ते वेगळंच."

पहाटे ते मला खदाणीत घेऊन गेले. रावसाहेबांनी बंदुकीबरोबर टाकलेली काडतुसं त्यांनी फडक्यात बांधून आणली होती. उघड्यावर बसून आम्ही बंदूक खोलली. रॉकेलनं पुसलं, पिवळा थर चिंधीवर सालासारखा निघाला. योग्य तेलाचा एक थेंब. खटका सुटला आणि पाण्यावरून सरकल्यासारखा पुढं गेला.

"आज माझा खांदा," उस्ताद म्हणाले.

त्या काडीसारख्या माणसानं पाय रोवले आणि झाडली. एक, दोन, तीन, चार, पाच. मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. डोंगरातून पाचही आवाज परत आले, एकामागून एक, आणि उस्तादांचा बहिरा कान तिकडं वळला होता तरी ते म्हणाले, "ऐकलंस?" त्यांनी आणखी पाच काडतुसं भरली आणि बंदूक माझ्या हातात दिली. मीही झाडली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो, खांदे चोळत होतो. मग काडतुसं संपली.

दुकानात येऊन त्यांनी ऐरण पुढं ओढली. मी घण उचलायला गेलो तर नको म्हणाले. बंदूक मोडायला त्यांना पंधरा-वीस घाव घालावे लागले. चांगलं लोखंड लवकर वाकत नाही. प्रत्येक घावाला ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटतं, माफी मागत होते.

"कुणाला सांगू नकोस," घाम पुसत म्हणाले.

"कधीपर्यंत?"

"तो जहागीरदार आहे तोवर."

त्यानंतर आमच्याकडं बंदुका यायच्या थांबल्या. उस्ताद कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करत राहिले. मी ऑइल इंजिनं शिकलो, आजही तेच करतो. मागच्या उन्हाळ्यात उस्ताद गेले. मयतीला आलेल्यांपैकी एकानं माझ्या देखत दुसऱ्याला सांगितलं, माणूस चांगला होता, पण ती एक बंदूक काही जमली नाही त्याला. मी गप्प राहिलो, कारण शब्द दिला होता.

यंदा जहागिऱ्या गेल्या. रावसाहेब आता तुमच्याआमच्यासारखे साधे खातेदार आहेत आणि लिंबाजी त्यांच्याकडं नोकरीला नाही. मी मोकळा झालो. तेव्हा धाराशिवच्या लोकांनो, तांबोळी, मुनीम, दोन्ही पाटील, सगळ्यांनी नीट वाचा. दस्तगीर उस्तादांची बंदूक पाचही बार झाडत होती. मी शेजारी उभा होतो.